ओळंबा थांबेपर्यंत

मामा गेल्याचं कळल्यावर जवळजवळ प्रत्येकाने मला पहिला प्रश्न एकच विचारला, "पडले का गं?" शेजारच्यांनी विचारला, कॉलेजातल्या मैत्रिणींनी विचारला. ज्यांच्या वाडीतली झाडं मामाने सांभाळली त्यांनीही फोनवर थोडं थांबून, घसा साफ करून, तोच विचारला. त्यात कुणाचं चुकलं असं मला वाटत नाही. बावन्नाव्या वर्षी गवंडीकाम सोडून झाडांवर चढायला लागलेला माणूस सत्तावन्नाव्या वर्षी गेला म्हटल्यावर दुसरं काय मनात येणार? पण मामा पडला नाही. पाच वर्षांत एकदाही पडला नाही. आदल्या दिवशी तो चांदीपला एका शेतकऱ्याच्या आंब्यावर काम करून, स्वतःच्या पायांनी खाली उतरून, बस पकडून घरी आला. दोर चिखलाने माखला होता म्हणून त्याने तो बादलीत धुतला आणि गॅलरीच्या कठड्यावर वाळत घातला. सकाळी चहाचा कप हातात घेतला, आईला म्हणाला, "आज साखर बरोबर पडली," आणि भिंतीला टेकला... डॉक्टर म्हणाले, हृदय. मी प्रॅक्टिकलला होते, मोबाइल बॅगेत होता. धावत घरी आले तेव्हा खोलीत माणसं भरली होती, आणि गॅलरीतला दोर अजून ओलाच होता.

या गोष्टीला आता महिना होत आला. मी काही लिहिणारी नाही. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच, आणि साधा फॉर्म भरतानाही माझा हात अजून थबकतो. पण तो "पडले का" प्रश्न काही मनातून जाईना. तेव्हा कॉलेजातले आमचे वनस्पतीशास्त्राचे सर म्हणाले, उत्तर एकदा नीट लिहूनच टाक. म्हणून लिहिते आहे.

मामाचं नाव यशवंत, पण सगळे त्याला येसू मिस्त्री म्हणायचे. आमचं मूळ गाव चिपळूणकडे. बाबा गेले तेव्हा मी पाचवीत होते. त्यानंतर आई आणि मी वसईजवळच्या आचोळ्याला मामाच्या खोलीत आलो ते कायमचेच. मामाने लग्न केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. आता राहूनच गेलं. तो बाहेरच्या प्लास्टरचा कारागीर होता. इमारतीच्या अंगाला बांबूची परांची बांधायची आणि तिच्यावर पाचव्या, सातव्या मजल्यावर उभं राहून भिंत गुळगुळीत करायची, हे त्याने तीस वर्षं केलं. आम्ही रिक्षातून जात असलो की तो बोट दाखवायचा, "ही माझी. ती गुलाबी पण माझी. मागची बाजू बघ, एक तडा नाय." त्याच्या पिशवीत थापी असायची, छिन्नी-हातोडा असायचा, आणि एका जुन्या मोज्यात गुंडाळलेला पितळी ओळंबा. भिंत सरळ उभी आहे की नाही हे पाहण्यासाठी दोरीला बांधून सोडतात ते टोकदार वजन. लहानपणी मला तो फार आवडायचा. दाराच्या चौकटीला टांगून दिला की तो झुलत राहायचा, आणि मला तो पकडावासा वाटायचा. मामा तेवढ्यात ओरडायचा, "हात लावायचा नाय! हाताने थांबवलास तर तुला पाहिजे तिथे थांबेल तो. त्याचा तो थांबू दे."

लॉकडाउनमध्ये बांधकामं थांबली आणि मामा घरी बसला. नुसता बसून राहणं त्याला जमायचं नाही. त्याने आमच्या खोलीच्या चारही भिंती दोनदा घासल्या. मग वादळ आलं. वसईच्या पट्ट्यात वाडीवाडीतून केळी आडव्या झाल्या, जुनी झाडं मोडली. उमेळ्याच्या सुशीलाकाकींचा फोन आला. त्यांच्या घराचं प्लास्टर पूर्वी मामाने केलं होतं, म्हणून त्यांच्याकडे नंबर होता. जांभळीची भलीमोठी फांदी अर्धवट मोडून त्यांच्या कौलांवर लोंबत होती, आणि आलेला प्रत्येक माणूस म्हणत होता की फांदी काढायची तर कौलं फुटणारच. मामा परांचीचे दोर घेऊन गेला. परांची सोडवताना वरचे बांबू जसे दोराने खाली सोडतात, तशी त्याने ती फांदी तुकड्यातुकड्याने बांधून, झुलवत, अंगणात उतरवली. काकी ओट्यावर हात जोडून बसल्या होत्या. शेवटचा तुकडा खाली टेकला तेव्हा म्हणाल्या, "एक कौल फुटला नाय रे मिस्त्री! तू आता घरं बांधू नको. घरं बांधनारे लय आहेत. तू झाडं बघ."

मामाने ते मनावर घेतलं. काही महिन्यांनी बांधकामं पुन्हा सुरू झाली, मुकादमाचा फोन आला, तर मामा म्हणाला, "मी नाय येत." मुकादमाचं हसणं मला पलीकडे बसूनही ऐकू आलं. "मग काय मिस्त्री, आता फांद्यांना प्लास्टर मारणार काय?" आईला तर रडूच आलं. म्हणाली, "ह्या वयात झाडावर चढायला तू काय माकड आहेस?" मामा शांतपणे दोराची गाठ सोडवत होता. म्हणाला, "माकड नाय गो, मिस्त्रीच आहे. परांची तेवढी हिरवी झाली." मी त्याला एकदा एकटी असताना विचारलं होतं, खरं कारण काय म्हणून. त्याने हातातला दोर नीट गुंडाळून ठेवला. मग म्हणाला, "बिल्डिंग पुरी झाली ना, की वॉचमन आपल्याला आत सोडत नाय. 'किधर जाना है' विचारतो. झाडाकडे कधीपण जाता येतं."

मामाने कमरेला बांधायचा पट्टा घेतला, हेल्मेट घेतलं, माझ्या मोबाइलवर तासन्‌तास व्हिडिओ पाहिले. भाषा कळायची नाही, पण हात कसे चालतात ते कळायचं. फांदी आधी खालून थोडी कापायची, मग वरून, म्हणजे साल फाटत नाही, हे तो असाच शिकला. कापायच्या आधी महापालिकेची परवानगी काढायची, ते अर्ज मी लिहून द्यायचे. खोटं कशाला सांगू, त्या काळात मी कॉलेजात कुणी विचारलं की "मामांचं गार्डनिंगचं काम आहे" असं सांगायचे. गवंडी म्हणायची लाज वाटायची, आणि झाडावर चढतात म्हणायची त्याहून जास्त.

आता त्या चिंचेबद्दल लिहायला हवं. मामाचं सगळं त्या चिंचेपाशीच येऊन उभं राहतं.

सुशीलाकाकींच्या वाडीच्या टोकाला, रस्त्याच्या कडेला, एक फार जुनी चिंच आहे. काकी लग्न होऊन आल्या तेव्हाही ती एवढीच होती म्हणतात. बुंध्यात एक ढोली, आत दोन मुलं बसतील एवढी. रस्त्यापलीकडे पूर्वी दुसऱ्या कुणाची तरी वाडी होती, आता तिथे सात मजली इमारत आहे, आणि सकाळी शाळेची व्हॅन चिंचेच्या सावलीतच थांबते. एके दुपारी एक वाळकी फांदी पडून खाली उभ्या असलेल्या स्कूटरचा आरसा फुटला. कुणाला लागलं नाही, पण इमारतीतले लोक घाबरले. काकींचा मुलगा अजितदादा त्यांच्याहून जास्त घाबरला. त्याने झाड तोडायचा अर्ज तयार केला. मामाला म्हणाला, "मिस्त्री, आतून पोकळ आहे ते. उद्या व्हॅनवर पडलं तर लोकांना काय सांगू? आईचा जीव होता त्याच्यावर म्हणून ठेवलं?" त्याचं म्हणणं चूक नव्हतं. मामा ढोलीत डोकं घालून पाहून आला आणि म्हणाला, "पोकळ आहे ना? मग भरू."

आणि त्याने भरली. तीस वर्षांचा हात होता तो. आत विटांचे तुकडे, वर सिमेंट-वाळूचा थर, त्यावर असं प्लास्टर की बुंध्याच्या गोलाईत कुठे जोड दिसू नये. मग सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, आचोळ्याहून उमेळ्याला जाऊन त्यावर ओलं गोणपाट टाकलं, पाणी मारलं. नव्या प्लास्टरला पाणी द्यायचं असतं, नाहीतर तडे जातात. हे त्याच्या रक्तात होतं. लोक पाहायला यायचे. इमारतीच्या सेक्रेटरींनी फोटो काढून ग्रुपवर टाकला. काकी म्हणाल्या, "माझ्या चिंचेला पक्कं घर झालं." अजितदादाने अर्ज कपाटात ठेवला. मुकादमाची थट्टा खरी झाली होती, पण मामाला त्याचं काही वाटलं नाही, उलट त्यानेच मुकादमाला फोटो पाठवला. त्या ढोलीत पिंगळ्यांची, म्हणजे छोट्या घुबडांची, एक जोडी राहायची. ती दोन-तीन दिवस समोरच्या तारेवर बसून ओरडत होती म्हणे. तिकडे कुणी लक्ष दिलं नाही.

पावसाळ्यात आमच्या वर्गात सरांनी लाकडाचा धडा घेतला. सर म्हणाले, झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड त्या जागेभोवती नव्या लाकडाची भिंत उभी करतं आणि कुजणं तिथे अडवतं. पूर्वी लोक पोकळ्या सिमेंटने भरायचे, सर सांगत होते, पण झाड वाऱ्यात हलतं आणि सिमेंट हलत नाही. दोघांमध्ये फट पडते, फटीत पाणी साचतं, आणि आत कुणाला दिसणार नाही अशा जागी झाड कुजत जातं. वर्गातली मुलं लिहून घेत होती. मला अशी एक चिंच माहीत होती.

मी घरी काही बोलले नाही. एक आठवडा नाही, तीन आठवडे. मी कोण सांगणारी? ज्याने मला वाढवलं, ज्याच्या घामावर मी हे शिकत होते, त्याला त्याचंच काम चुकलं म्हणून सांगायचं? तो येता-जाता लोकांना ते प्लास्टर दाखवत होता. रोज ठरवायचे, आणि रोज जेवण उरकून भांडी घासायला बसायचे. शेवटी एका रविवारी दुपारी मामाच म्हणाला, "काय गो, बरेच दिवस तोंडात काय धरून बसलीयस? परीक्षेत नापास झालीस काय?"

"नाही मामा... एक विचारू?"

"विचार की. मॅडम झालीस तरी विचारतेस?"

"ती चिंच... उमेळ्याची. तिच्यात सिमेंट नको होतं भरायला. म्हणजे... पुस्तकात तसं आहे."

त्याच्या हातातला घास ताटात परत गेला. म्हणाला, "वाच." मी म्हटलं, इंग्रजीत आहे. म्हणाला, "मग तू शिकतेस कशाला? वाच आणि मला सांग." मी पुस्तक आणलं. एक वाक्य वाचायचे, मराठीत सांगायचे, पुन्हा एक वाचायचे. आई मध्येच म्हणाली, "जेवू दे त्याला." त्याने हाताने तिला थांबवलं. सगळं ऐकून झाल्यावर तो हळूहळू बोलला, जणू एखाद्या कामाचा हिशेब मनात लावत होता. "झाड हलतं, सिमेंट हलत नाय. फट पडते. फटीत पाणी... आणि मी सात दिवस वरून पाणी मारलं." मग माझ्याकडे वळून, "तुला कधी कळलं?"

"तीन आठवडे झाले."

"तीन आठवडे आत पाणी मुरतंय, आणि तू गप्प?" एवढ्या वर्षांत तो माझ्यावर रागावल्याचं मला तेवढंच आठवतं. "माझा मान राखलास होय? झाडाचा कोण राखणार?" मग हात धुतले, पिशवी उचलली. दारात थांबून म्हणाला, "तू एक सांगितलंस ते पुन्हा सांग. झाड काय करतं जखमेला?"

"भोवती भिंत बांधतं."

"म्हणजे तेच गवंडी. आणि मी त्याच्या कामात थापी घालायला गेलो." मला हसावं की रडावं कळेना. "चल तू पण."

उमेळ्याला पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता. मामाने हातोड्याच्या दांड्याने प्लास्टरभोवती ठोकून पाहिलं. साल आणि सिमेंट यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट पडली होती आणि तिच्यातून काळं पाणी झिरपत होतं. वास येत होता. मामाने छिन्नी लावली आणि पहिला घाव घातला. आवाज ऐकून काकी आल्या, अजितदादा आला, रस्त्यापलीकडून सेक्रेटरी आणि आणखी चार-पाच लोक आले. अजितदादा म्हणाला, "मिस्त्री, हे काय? तुमचंच काम तुम्हीच फोडताय?"

"माझं आहे म्हणून फोडतोय. दुसऱ्याचं असतं तर विचारावं लागलं असतं."

"अहो, आम्ही फोटो टाकला होता ग्रुपवर," सेक्रेटरी म्हणाले.

"हा पण टाका." मामा हातोडा न थांबवता म्हणाला. "खाली लिहा, मिस्त्रीचं चुकलं."

मी बाजूला उभी होते. मान वर करायची हिंमत होत नव्हती. ते प्लास्टर खरोखर इतकं पक्कं होतं की फोडायला संध्याकाळ झाली. शेवटची वीट निघाली तेव्हा आतलं लाकूड भिजून मऊ झालेलं दिसलं. मामाने सुटं झालेलं तेवढंच हाताने काढलं, बाकी कशाला हात लावला नाही. मग काकींच्या पुढे जाऊन उभा राहिला. "काकी, चूक झाली." काकी ढोलीत बघत राहिल्या. अजितदादा मात्र म्हणाला, "आता तर तोडावीच लागेल, मिस्त्री. आता तुमच्या बोलण्यावर कोण भरवसा ठेवणार?"

हा प्रश्न सगळ्यांच्या समोर विचारला गेला, आणि मला वाटलं, संपलं. चिंचही संपली आणि मामाचं नवं कामही संपलं. वाडीवाल्यांमध्ये ही गोष्ट एका दिवसात पसरली असती. पण मामा म्हणाला, "माझ्या बोलण्यावर नका ठेवू." आणि पिशवीतून मोजा काढला, मोज्यातून ओळंबा.

चिंच रस्त्याकडे किंचित कलती आहे. मामा शिडीवर चढला, पहिल्या बेचक्यात एक सैलसर पट्टा अडकवला आणि त्याला ओळंब्याची दोरी बांधून खाली सोडली. खाली, ओळंब्याच्या टोकाखाली, जमिनीत एक दगड पक्का बसवला. मग सगळ्यांना घेऊन तिथे उभा राहिला. ओळंबा झुलत होता. सेक्रेटरींनी तो धरायला हात पुढे केला, तर मामा तसाच ओरडला, जसा माझ्यावर ओरडायचा. "हात लावायचा नाय!" ओळंबा शांत झाला तेव्हा त्याच्या टोकाखाली मामाने छिन्नीने दगडावर एक बारीक फुली कोरली. म्हणाला, "एक वर्ष द्या. परवानगी काढून रस्त्याकडचा भार मी थोडा थोडा कमी करतो, एकदम नाय. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हा इथे सोडायचा, तुमच्यासमोर. फुलीपासून बोटभर जरी सरकला, तर झाड मीच उतरवतो, शेंड्यापासून, दोराने. आणि त्यानंतर झाडाला हात लावणार नाय. परत भिंती." कुणीतरी म्हणालं, पण पोकळ आहे ना ते. मामा हसला. "तीस वर्षं बांबूच्या परांचीवर उभा राहिलो, साहेब. बांबू आतून काय भरलेला असतो?"

त्यावर अजितदादालाही हसू आलं. पण तो अर्ज घेऊन आला, त्यावर एक वर्षानंतरची तारीख टाकली आणि घडी करून खिशात ठेवला. व्हॅन तेवढं वर्ष कोपऱ्यावरच्या दुकानाजवळ थांबेल असंही ठरलं.

ते वर्ष मी मोजून काढलं. पहिला रविवार आला की मामा पहाटे उठायचा, वारा सुटायच्या आत पोचायला हवं म्हणून. मीही जायचे. पहिल्या दोन महिन्यांत चिंचेने इतकी पानं गाळली की मला वाटलं, ती आमच्या चुकीलाच उत्तर देते आहे. मामा ढोलीत हात घालून पाहायचा आणि म्हणायचा, "सुकतंय." त्या पावसाळ्याअखेरच्या वाऱ्यांत तो आचोळ्याच्या गॅलरीत उभा राहून नुसता आभाळाकडे बघायचा. जेवणात लक्ष नसायचं. सुरुवातीला ओळंबा बघायला अजितदादा एकटाच यायचा, चेहरा घट्ट करून. मग सेक्रेटरी येऊ लागले. मग त्यांची आई चालायला म्हणून यायची ती थांबायची. मग इमारतीतली मुलं, आणि मुलांच्या मागून मुलांना बोलवायला आलेल्या आया. ओळंबा झुलत असताना ती सगळी माणसं गप्प राहायला शिकली. थंडीत एकदा काकींनी हाक मारली, "मिस्त्री, ये बघ!" ढोलीच्या तोंडाशी दोन पिंगळे बसले होते, डोळे वटारून. काकी म्हणाल्या, "तू प्लास्टर मारून कोनाचं तरी दार बंद केलं होतंस बघ." मामाने कान पकडले. पिंगळ्यांसमोर, खरंच.

वर्ष झालं त्या रविवारी मी मोजले नाहीत, पण पन्नासेक लोक असतील. चिंचेला नवी पालवी होती, आणि पालवीत बारीक पिवळसर फुलं. मामा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि तोच शर्ट घालून शिडीवर चढला. ओळंबा सोडला. तो नेहमीपेक्षा जास्त वेळ झुलला असं मला वाटलं. लहान लहान गोल काढत राहिला... मग नुसताच थरथरला... मग थांबला. मामा खाली वाकला नाही. अजितदादाला म्हणाला, "तुम्ही बघा." अजितदादा गुडघ्यावर बसला, गाल दगडाला लागेल इतका खाली वाकला आणि बराच वेळ तसाच राहिला. उठला तेव्हा त्याने खिशातला अर्ज काढला, फाडला, आणि तुकडे रस्त्यात टाकायचे नाहीत म्हणून परत खिशात ठेवले. मुलांनी अशी ओरड केली की पिंगळे उडाले. सेक्रेटरींची आई म्हणाली, "आता मला चिंचा कधी मिळणार ते सांगा." आणि माझा मामा, जो लोकांसमोर कधी बोलला नव्हता, तो शर्टाच्या बाहीने चेहरा पुसत म्हणाला, "व्हॅन सावलीत लावा उद्यापासून."

त्यानंतर त्याला कामाला माणसं शोधत यायची. चांदीपपासून थेट किनाऱ्यापर्यंतच्या वाड्यांतून बोलावणं यायचं, आणि मुकादमाने स्वतःच्या सोसायटीतल्या झाडासाठी फोन केला तेव्हा आई दिवसभर हसत होती. सरांनी मामाला आमच्या कॉलेजात बोलावलं. आवारातल्या पर्जन्यवृक्षाखाली साठ मुलं बसली होती. ओळख मला करून द्यायची होती. मी रात्रभर लिहून काढलेला कागद हातात होता, आणि तो न वाचता मी म्हटलं, "हे माझे मामा. हे तीस वर्षं गवंडी होते, आणि आता झाडांवर उपचार करतात." इतकं साधं वाक्य होतं ते. मला ते म्हणायला तीन वर्षं लागली. मामा उभा राहिला, घसा साफ केला आणि म्हणाला, "पहिली गोष्ट, मी एका झाडाला प्लास्टर मारलं होतं." मुलं खदखदून हसली. तोही हसला. आणि मग दीड तास कुणी जागेवरून हललं नाही.

मागच्या आठवड्यात काकींचा फोन आला. आता त्यांना नीट ऐकू येत नाही, त्यामुळे मोठ्याने बोलतात. "पोरी, रविवार येतोय. ओळंबा कोन सोडनार?" वर्ष सरून गेलं तरी मामाने पहिला रविवार कधी सोडला नव्हता. रविवारी पहाटे मी पिशवीतून मोजा काढला. मोज्याला अजून त्याच्या हाताचा, म्हणजे दोराचा आणि सिमेंटचा, वास होता. आई म्हणाली, मी येते सोबत. मी म्हटलं, नको, आज मी जाते.

अजितदादाने शिडी धरली. मी कधीच शिडीवर चढले नव्हते. पाचव्या पायरीवर मी शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. खाली बघायचं नाही हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण मामा कधी बघायचा नाही हे आठवलं. बेचक्यातला पट्टा मामाने बांधला होता तसाच होता. वरून पहिल्यांदाच मला ढोलीची वरची कड दिसली. तिच्याभोवती नव्या लाकडाचा जाड, गुळगुळीत, आत वळत गेलेला काठ आला आहे. थापी फिरवून कुणी घोटून काढावा तसा. चिंचेने आपली भिंत बांधली आहे, आणि खरं सांगते, मामाच्या प्लास्टरपेक्षा ती चांगली झाली आहे. तो हे ऐकून खूश झाला असता.

मी दोरी सोडली आणि खाली आले. ओळंबा झुलत होता. सकाळ होती, वारा नव्हता, पलीकडे मुलं व्हॅनच्या जागी क्रिकेट खेळत होती. काकी काठीवर हनुवटी टेकवून उभ्या होत्या. वेळ लागत होता. अजितदादाला राहवलं नाही, त्याने तो स्थिर करायला हात पुढे केला.

"हात लावू नका," मी म्हटलं. माझाच आवाज मला मोठा वाटला. "त्याचा तो थांबतो."

अजितदादाने हात मागे घेतला. आम्ही तिघंही उभे राहिलो. ओळंबा हळूहळू लहान होत गेलेल्या फेऱ्या मारत होता, आणि मग, फुलीच्या अगदी वर, तो थांबला.